नकारानंतर काय होते: चित्रपटांतील पुरुषत्व, प्रेम आणि लिंगभावाचे साचे कसे ओळखावेत

लोकप्रिय चित्रपटातील स्त्री-पुरुषांच्या चित्रणाविषयी कुणी गंभीरपणे बोलू लागले की बहुधा दोनपैकी एक उत्तर मिळते. तो केवळ चित्रपट आहे, मजा घ्या आणि विसरून जा, हे पहिले. आणि असल्या चित्रपटांमुळेच पिढी बिघडते, ते बंद करा, हे दुसरे. या दोन्ही उत्तरांमुळे समोरचा चित्रपट नीट पाहण्याचे कष्ट वाचतात, आणि म्हणूनच ती दोन्ही अपुरी आहेत. चित्रपट पाहून प्रेक्षक उठून तसाच वागतो, असे सरळ गणित नसते. मात्र प्रेम म्हणजे काय, पुरुषाने कसे असावे, स्त्रीच्या शब्दाला किती वजन द्यावे, याविषयीच्या आपल्या कल्पना ज्या अनेक ठिकाणांहून तयार होतात, त्यांपैकी चित्रपट हे एक मोठे ठिकाण आहे; आणि तिथे त्या कल्पना गाण्यासह, देखण्या चेहऱ्यांसह आणि भरल्या डोळ्यांसह येत असल्यामुळे त्यांच्याशी वाद घालण्याची आठवणही राहत नाही.

पुढे दिलेली पद्धत कोणत्याही भाषेतील लोकप्रिय चित्रपटाला लावता येते. तिच्या मुळाशी एकच धारणा आहे. पात्राने एखादी वाईट गोष्ट केली, एवढ्यावरून चित्रपट घातक ठरत नाही. ती गोष्ट केल्यावर चित्रपटाने त्या पात्राच्या पदरात काय टाकले, हे पाहावे लागते. खुनी माणसाची कथा सांगणारा चित्रपट खुनाचे समर्थन करत असेलच असे नाही, आणि एकही थप्पड नसलेला गोड प्रेमपट स्त्रीच्या नकाराला पूर्णपणे निरर्थक ठरवू शकतो. म्हणून बक्षीस कुणाला, कशाबद्दल आणि किती लवकर मिळाले, याचा माग काढणे हेच मुख्य काम आहे.

पाहण्याची तयारी

सुरुवात आवडत्या चित्रपटापासून करावी. जो चित्रपट आधीच नकोसा आहे त्यातील दोष काढणे सोपे असते, पण त्यातून काही शिकायला मिळत नाही. जो आपण अनेकदा पाहिला, ज्यातली गाणी पाठ आहेत, जो पाहताना आपण नायकाच्या बाजूने उभे राहतो, त्याच चित्रपटात साचे सर्वांत खोल दडलेले असतात. पहिल्यांदा तो नेहमीसारखा पाहावा आणि कुठे हसू आले, कुठे डोळे पाणावले, कुठे टाळी द्यावीशी वाटली, एवढेच टिपावे. या नोंदी पुढे फार उपयोगी पडतात, कारण चित्रपटाने आपल्याला कुणाच्या बाजूला उभे केले होते हे त्या सांगतात. दुसऱ्यांदा तो थांबत थांबत, वेळेची नोंद ठेवत पाहावा. संपूर्ण चित्रपट शक्य नसेल तर चार दृश्ये पुरेशी असतात: नायकाचे पहिले दर्शन, नायिकेचे पहिले दर्शन, तिचा पहिला नकार आणि शेवट.

नकाराची नोंद

या सर्व अभ्यासात सर्वाधिक वेळ जिथे द्यावा, असा भाग म्हणजे नकार. नायिकेने नायकाला दिलेला प्रत्येक नकार वेळेसह लिहून काढावा. नकार शब्दांतच असतो असे नाही. वाट बदलणे, हात सोडवून घेणे, फोन न उचलणे, मैत्रिणीच्या पलीकडे जाऊन उभे राहणे, हेही नकारच आहेत. प्रत्येक नोंदीपुढे तीन गोष्टी लिहाव्यात: नायकाने त्यानंतर लगेच काय केले, आजूबाजूच्या पात्रांनी त्याला काय म्हटले, आणि पुढच्या दृश्यात कथा कुठे गेली.

एक नेहमीचे दृश्य जवळून पाहू. तरुणी महाविद्यालयातून बाहेर पडते. नायक फाटकाशी मित्रांसह थांबलेला आहे. ती त्याला पाहून पावले झपाझप उचलते, तो मागे चालू लागतो, मित्र ओरडून त्याला हुरूप देतात. कोपऱ्यावर ती वळते आणि रागाने सांगते, की माझ्या मागे येऊ नकोस. तो छातीवर हात ठेवून घायाळ झाल्याचा अभिनय करतो, मित्र हसतात, पार्श्वभूमीला बासरी सुरू होते. ती पाठ फिरवते. आणि मग कॅमेरा तिच्या पुढच्या बाजूला येतो, आणि तिच्या ओठांवर हलके हसू उमटलेले आपल्याला दिसते.

या शेवटच्या शॉटवर थांबावे. हे हसू नायकाला दिसलेले नाही. तो तिच्या पाठीमागे आहे. म्हणजे कथेच्या आत पाहिले तर त्याच्यापाशी तिच्या होकाराची एकही खूण नाही, त्याच्यापाशी आहे तो फक्त स्पष्ट नकार, आणि तरीही तो दुसऱ्या दिवशी त्याच कोपऱ्यावर येणार आहे. हसू दाखवले गेले आहे ते आपल्याला. दिग्दर्शकाने प्रेक्षकाला साक्षीदार केले आहे, जेणेकरून नायकाचा पाठलाग आपल्या मनात निर्दोष ठरावा. तिच्या तोंडचे शब्द खोटे आणि तिच्या चेहऱ्यावरचा क्षण खरा, असे या एका शॉटने ठरवून टाकले. पुढचा सगळा पाठलाग या तीन सेकंदांच्या जोरावर प्रेमकथा म्हणून चालतो. असा शॉट चित्रपटात आहे का, आणि तो नेमका कोणत्या नकारानंतर येतो, हे शोधण्याची सवय लागली की कितीतरी चित्रपटांची रचना उलगडते.

यानंतर तेच दृश्य आवाज पूर्ण बंद करून पाहावे. बासरी, मित्रांचे हसणे आणि चुरचुरीत संवाद गेले की पडद्यावर उरते ती भराभर चालणारी, मागे वळून पाहणारी एक मुलगी आणि तिच्यामागे येणारा पुरुषांचा घोळका. शक्य असेल तर त्याच दृश्यावर एखाद्या थरारपटाचे संगीत लावून पाहावे. दृश्य तेच राहते, मात्र अर्थ बदलतो. संगीत आपल्याला काय वाटावे हे किती निर्णायकपणे ठरवते, याचा याहून स्पष्ट पुरावा मिळणार नाही.

तिसरी कसोटी खलनायकाची. बहुसंख्य प्रेमपटांत नायिकेच्या मागे लागणारा आणखी एक पुरुष असतो, गुंड, श्रीमंत बापाचा मुलगा किंवा लादलेला वर. तोही तिची वाट अडवतो, तिच्या घरी येऊन धडकतो, ती कुठे जाते याची माहिती काढतो. कागदाचे दोन भाग करून एका बाजूला नायकाच्या आणि दुसऱ्या बाजूला खलनायकाच्या कृती लिहाव्यात. विशेषणे आणि हेतू वगळून फक्त कृती. अनेकदा दोन्ही याद्या इतक्या सारख्या निघतात की नावे झाकली तर कुणाची कोणती हे सांगता येत नाही. तरीही एकाला मार मिळतो आणि दुसऱ्याला नायिका मिळते. चूक कृतीत नसून माणसात आहे, योग्य माणसाने तीच कृती केली तर ती प्रेम ठरते, अशी शिकवण यातून नकळत दिली जाते. आणि प्रत्येक तरुण प्रेक्षक स्वतःला नायकच समजत असल्यामुळे ती प्रत्येकाला लागू पडते.

पडद्याबाहेर याच कृतीकडे कायदा कसा पाहतो हे ठाऊक असणे उपयोगी आहे. पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा मानणारा अमेरिकेतील पहिला राज्यस्तरीय कायदा कॅलिफोर्नियाने १९९० मध्ये केला. इंग्लंड आणि वेल्समध्ये तशी तरतूद २०१२ मध्ये झाली. भारतात २०१३ च्या फौजदारी कायदा दुरुस्तीने दंडसंहितेत कलम ३५४ ड आले, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हाच गुन्हा कलम ७८ मध्ये आहे. स्त्रीने आपली अनिच्छा स्पष्टपणे दाखवल्यानंतरही पुरुषाने पुन्हा पुन्हा तिचा पाठलाग करून तिच्याशी संपर्क साधणे किंवा साधण्याचा प्रयत्न करणे, असे त्याचे वर्णन आहे. हे वर्णन शेजारी ठेवून एखाद्या गाजलेल्या प्रेमपटाचा मध्यंतरापर्यंतचा भाग पाहावा. ज्या वागण्याला कायदा गुन्हा म्हणतो ते किती वेळा गाण्याच्या चालीवर येते, हे मोजता येते.

या दोन जगांची गाठ प्रत्यक्ष न्यायालयातही पडलेली आहे. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियातील टास्मानिया राज्यात दोन स्त्रियांचा पाठलाग केल्याचा आरोप असलेल्या एका भारतीय तरुणाच्या वकिलाने असा बचाव मांडला, की चिकाटीने मागे लागले की मुलगी अखेर होकार देते, हे तो हिंदी चित्रपटांतून शिकला होता. त्याला तुरुंगवास झाला नाही. चांगल्या वर्तनाच्या अटीवर त्याला सोडण्यात आले. हा बचाव मला मान्य होण्यासारखा वाटत नाही, कारण तेच चित्रपट पाहणारे कोट्यवधी पुरुष कुणाचा पाठलाग करत नाहीत. पण असा बचाव मांडता येतो आणि ऐकणाऱ्यांना तो अगदीच अनोळखी वाटत नाही, ही गोष्ट चित्रपटकर्त्यांनी आणि प्रेक्षकांनी मनावर घेण्यासारखी आहे.

संशोधनही याच दिशेने काही सांगते, मात्र सावधपणे. मिशिगन विद्यापीठातील जुलिया लिपमन यांचा २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास स्त्री प्रेक्षकांवर होता. पाठलाग भीतीदायक म्हणून दाखवणारे चित्रपट पाहिलेल्या स्त्रियांमध्ये, पाठलाग फारसा गंभीर नसतो किंवा तो प्रेमाचाच पुरावा असतो, असले समज कमी आढळले. तोच पाठलाग गमतीदार किंवा रम्य करून दाखवलेले चित्रपट ज्यांना खऱ्यासारखे वाटले, त्यांच्यात हे समज अधिक आढळले. म्हणजे पाठलाग दाखवला की नाही, यापेक्षा तो कोणत्या सुरात दाखवला, याला महत्त्व आहे.

चिकाटी आणि पाठलाग यांतील सीमा कुठे असते, हा प्रश्न इथे हमखास येतो, आणि तो रास्त आहे. प्रेमकथेत अडथळा लागतो. पहिल्याच भेटीत होकार मिळाला तर कथाच संपेल. त्यासाठी एवढे पाहावे, की नकार दिल्यावर तिला तिचे नेहमीचे आयुष्य पूर्वीसारखे जगता येते का. तिची वाट, तिचे काम, तिचे मित्र, तिचा फोन यांतले काहीही बदलावे लागत नसेल, तो दूर राहून स्वतःच्या आयुष्यात काही करत असेल आणि पुढे ती आपणहून त्याच्याकडे वळत असेल, तर ती प्रतीक्षेची कथा आहे. तिला त्याच्यापासून वाचण्यासाठी काही बदलावे लागत असेल आणि तो बदलही निष्फळ ठरवला जात असेल, तर नाव काहीही दिले तरी तो पाठलागच आहे.

नायक आणि त्याचा राग

पुरुषत्वाचे चित्रण तपासताना नायकाच्या प्रवेशापासून सुरुवात करावी. आधी बूट, मग मनगट, मग पाठ आणि सर्वांत शेवटी चेहरा. स्लो मोशन, उडणारी धूळ, खालून वर पाहणारा कॅमेरा. या प्रवेशात तो काय करताना दिसतो? त्याचे पहिले काम कुणाला तरी मारणे हे असेल, तर चित्रपटाने त्याच्या मोठेपणाचे माप सुरुवातीलाच सांगून टाकले आहे. त्यानंतर संपूर्ण चित्रपटात त्याने व्यक्त केलेल्या भावनांची यादी करावी. भीती, संकोच, लाज, कंटाळा, हळवेपणा, मत्सर, शोक यांपैकी किती भावना त्या त्या रूपात दिसतात आणि किती रागाचे रूप घेऊन येतात? मित्र मेला की राग, प्रेयसी दुरावली की राग, वडिलांनी अपमान केला की राग. पुरुषाच्या सगळ्या दुःखाला एकच दरवाजा ठेवणारे हे चित्रण स्त्रियांइतकेच पुरुषांवर अन्याय करणारे आहे, असे मला मनापासून वाटते. त्याचे मित्रही नीट पाहावेत. ते त्याच्या उद्योगांत साथ देतात, दारू आणतात, निरोप पोहोचवतात. पण तुला काय झाले आहे, असे त्याला शांतपणे विचारणारा मित्र चित्रपटभर सापडत नाही.

ऑस्ट्रेलियन समाजशास्त्रज्ञ रेविन कॉनेल यांनी १९९५ च्या ‘मॅस्क्युलिनिटीज’ या ग्रंथात पुरुषत्व एकच नसते, पुरुषत्वे अनेक असतात आणि त्यांच्यात उतरंड असते, अशी मांडणी केली. चित्रपट पाहताना ही मांडणी फार कामी येते. नायक कोणत्या पुरुषांच्या तुलनेत मोठा दाखवला आहे, हे शोधावे. हळू आवाजात बोलणारा कारकून, चष्मा लावणारा अभ्यासू वर, जाडा मित्र, बायकोचे ऐकणारा नवरा, नाजूक हातवारे करणारा केशभूषाकार: हे सगळे हसण्यासाठी किंवा हरण्यासाठी आणलेले असतात. त्यांच्या पराभवातूनच नायकाचे पुरुषत्व उभे राहते, आणि प्रेक्षकातील मुलगा आपण यांच्यापैकी कुणासारखे दिसू नये याची धास्ती शिकतो.

राग ही गोष्ट मुळातच वाईट आहे असे मानू नये. १९७३ च्या ‘जंजीर’पासून हिंदी पडद्यावर जो संतप्त नायक रुजला, आणि सलीम-जावेद या लेखकद्वयाने पुढे ज्याला अनेक रूपे दिली, त्याचा राग तस्करांवर आणि अन्याय्य व्यवस्थेवर होता. त्यातही हिंसेचे आकर्षण होते, पण तो राग आपल्याहून बलवान असलेल्यांवर निघत होता. रागाची दिशा हा म्हणूनच विचारण्यासारखा प्रश्न आहे. तोच राग प्रेयसीच्या कपड्यांवर, तिच्या मित्रांवर, तिच्या नोकरीवर निघू लागला आणि चित्रपट त्याला प्रेमाची खोली म्हणू लागला, की काहीतरी मोठे बदललेले असते.

नायकाने नायिकेवर हात उगारल्याचे दृश्य असेल तर घड्याळ पाहावे. त्या क्षणानंतर किती वेळाने दोघे पुन्हा एकत्र येतात? मधल्या वेळात कॅमेरा कुणाजवळ असतो? पुष्कळ चित्रपटांत थप्पड तिला बसते आणि त्यानंतरचा एकटेपणा, पाऊस, दारू आणि विरहगीत मात्र त्याच्या वाट्याला येते. दुखापत तिची आणि दुःख त्याचे, अशी ही वाटणी असते. माफी कोण मागतो, तेही पाहावे. माफी मागण्याऐवजी स्वतःला इजा करून घेणे हा चित्रपटांचा जुना मार्ग आहे. नस कापणे, उंचावरून उडी मारण्याची धमकी देणे, हात जाळून घेणे, यांना त्यागाचे रूप दिले जाते. प्रत्यक्षात त्यामुळे नकार देण्याची संपूर्ण किंमत समोरच्या स्त्रीवर ढकलली जाते. असे दृश्य तरुण मुलामुलींबरोबर पाहिले असेल, तर ते न बोलता सोडून देऊ नये. कुणाच्या जिवाची जबाबदारी दुसऱ्याच्या होकारावर टाकता येत नाही, आणि अशी धमकी मिळालेल्या व्यक्तीने एकटीने ती सांभाळण्याऐवजी घरच्यांना किंवा विश्वासातल्या माणसांना सांगावे, हे तिथल्या तिथे स्पष्ट बोलावे.

याच्याच जोडीला सुधारणा करणारी नायिका येते. बिघडलेला, व्यसनी, उद्धट पुरुष एका स्त्रीच्या प्रेमाने माणसात येतो, ही कथा लोकांना फार आवडते. या कथेत तिने काय काय सोसले आणि त्याने स्वतःहून काय केले, यांची तुलना करावी. बदलण्याचे सगळे श्रम तिचे असतील आणि शेवटी कौतुक त्याच्या बदलाचे होत असेल, तर तिच्या आयुष्याचा उपयोग साधनासारखा केला आहे.

कॅमेरा कुणाचा

ब्रिटिश अभ्यासक लॉरा मल्व्ही यांनी १९७५ मध्ये ‘स्क्रीन’ या नियतकालिकात लिहिलेल्या लेखात हॉलिवूडच्या चित्रपटांतील नजरेचे विश्लेषण केले. कॅमेऱ्याची नजर, प्रेक्षकाची नजर आणि पात्रांची एकमेकांकडे पाहण्याची नजर, या तिन्ही जुळून येतात आणि पुरुष पाहणारा, स्त्री पाहिली जाणारी अशी विभागणी तयार होते, असे त्यांचे म्हणणे होते. या लेखावर पुढे बरेच आक्षेप आले. अमेरिकन लेखिका बेल हुक्स यांनी १९९२ मध्ये कृष्णवर्णीय स्त्री प्रेक्षक पडद्याकडे विरोधाच्या नजरेनेही पाहते, हे दाखवून दिले. तरीही सामान्य प्रेक्षकासाठी त्यातून एक सोपी कसोटी मिळते: नायिकेच्या पहिल्या दर्शनात तिचा पूर्ण चेहरा दिसण्याआधी शरीराचे कोणते भाग दिसतात, आणि ते पाहणारा पुरुष चौकटीत आहे का. नंतर तेच शॉट नायकाच्या बाबतीत कल्पून पाहावेत. हास्यास्पद वाटत असतील, तर का वाटतात, याचा विचार करावा. गाण्यापुरत्या येणाऱ्या नर्तकीच्या बाबतीत हा प्रश्न फार वेळ विचारावा लागत नाही. तिला बहुधा नावसुद्धा नसते.

मोजता येण्याजोग्या गोष्टी

अमेरिकन व्यंगचित्रकार ॲलिसन बेक्डेल यांच्या १९८५ च्या एका चित्रपट्टीतून आलेली कसोटी आता सर्वत्र परिचित आहे: चित्रपटात किमान दोन स्त्रिया असाव्यात, त्या एकमेकींशी बोलाव्यात आणि ते बोलणे पुरुषाव्यतिरिक्त कशाविषयी तरी असावे. ही अट इतकी साधी आहे, की ती पूर्ण न करणाऱ्या चित्रपटांची संख्या पाहून धक्का बसतो. पण तिचा अर्थ ताणू नये. दोन स्त्रिया स्वयंपाकाविषयी दोन वाक्ये बोलल्या तरी कसोटी पार होते, आणि एकाच स्त्रीवर केंद्रित असलेला उत्तम चित्रपट ती पार करू शकत नाही. एका चित्रपटाची लायकी ठरवण्यापेक्षा पाहिलेल्या अनेक चित्रपटांचा कल समजून घेण्यासाठी ती वापरावी. पडद्यावरील लिंगभावाचा अभ्यास करणाऱ्या, अभिनेत्री जीना डेव्हिस यांच्या संस्थेने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत भारतासह विविध देशांतील १२० लोकप्रिय चित्रपट तपासले गेले, तेव्हा बोलणाऱ्या पात्रांत स्त्रियांचे प्रमाण ३०.९ टक्के निघाले.

आणखी एक मोजणी करावी, मृत्यूंची. कथेतील किती स्त्रिया केवळ नायकाला सूड घेण्याचे कारण मिळावे म्हणून मरतात किंवा अत्याचाराला बळी पडतात? अमेरिकन कॉमिक्समधील अशा स्त्री पात्रांची यादी लेखिका गेल सिमोन यांनी १९९९ मध्ये तयार केली आणि त्यातून या साच्याला ओळख मिळाली. चित्रपटात बहीण, पत्नी किंवा प्रेयसी पहिल्या अर्ध्या तासात मरत असेल, तर तिला स्वतःची एखादी इच्छा, एखादे अपुरे काम, एखादा स्वभावदोष तरी दिला होता का, हे पाहावे.

कशावर हसवले जाते

विनोदी दृश्ये नोंदवताना लोक आळस करतात, आणि साचे नेमके तिथे निर्धास्त राहतात. बायकोचा मार खाणारा नवरा, तुरुंगात पुरुषावर होणाऱ्या लैंगिक अत्याचाराचा उल्लेख, लग्न न झालेली प्रौढ स्त्री, नायकावर भाळलेली जाड मुलगी, तृतीयपंथी व्यक्ती समोर आल्यावर नायकाने केलेला चेहरा: यांतील प्रत्येक ठिकाणी हसू कुणाच्या बाजूने आणि कुणाच्या विरोधात आहे, ते लिहावे. हा साचाही जुनाच आहे. हॉलिवूडमध्ये १९३४ पासून कडकपणे लागू झालेल्या निर्मितीसंहितेने, म्हणजे चित्रपटात काय दाखवावे आणि काय नाही याच्या नियमावलीने, समलिंगी संबंधांच्या उघड चित्रणाला मनाई केली होती. त्यामुळे अशी पात्रे पडद्यावरून गेली नाहीत, तर बायकी लकबींचा विदूषक किंवा नाजूक आवाजाचा क्रूर खलनायक अशा रूपांत आली. अमेरिकन लेखक व्हिटो रुसो यांनी १९८१ च्या ‘द सेल्युलॉइड क्लोजेट’ या पुस्तकात हा इतिहास मांडला आहे. संहिता १९६८ मध्ये संपली, लकबी मात्र विनोदाच्या रूपात जगभर उरल्या.

दाखवणे आणि पाठीशी घालणे

या अभ्यासातील सर्वांत अवघड निर्णय हाच आहे. दिग्दर्शक म्हणतो, मी सदोष माणूस दाखवला, त्याचे समर्थन केले नाही. हे म्हणणे खरे असू शकते, आणि सदोष माणसांच्या कथा सांगण्याचा कलेचा हक्क मला अत्यंत महत्त्वाचा वाटतो. सगळी पात्रे आदर्श असलेला चित्रपट कुणाच्याच उपयोगाचा नाही. पण दिग्दर्शकाचे मुलाखतीतील वाक्य हा पुरावा नव्हे. पुरावा पडद्यावर शोधायचा असतो.

त्यासाठी सर्वांत आधी पाहावे, की ज्या व्यक्तीला त्रास झाला तिला नायकाविना, तिचे स्वतःचे असे एखादे दृश्य मिळाले आहे का. त्रास झाल्यानंतर ती घरी जाऊन काय करते, कुणाशी बोलते, रात्री झोपते का? हे चित्रपटाने दाखवले असेल तर त्याला तिचे दुःख दिसले आहे. ती फक्त नायकाच्या समोर असतानाच अस्तित्वात येत असेल, तर चित्रपटाला ती व्यक्ती म्हणून दिसलेलीच नाही. मग कथेत नायकाला चूक म्हणणारे कुणी आहे का आणि त्या पात्राची चित्रपटात काय प्रतिष्ठा आहे, हे पाहावे. अनेकदा असे बोलणारे पात्र खडूस, मत्सरी किंवा हास्यास्पद दाखवून त्याचे म्हणणे आधीच बाद केलेले असते.

शेवटच्या पाच मिनिटांतील शिक्षेवर फार विसंबू नये. वर उल्लेख केलेल्या निर्मितीसंहितेनुसार गुन्हेगाराला शेवटी शिक्षा होणे बंधनकारक होते, आणि तरीही त्या काळातील टोळीपटांचे प्रेक्षक गुंडांच्या रुबाबावरच भाळले. दीड तास मोहक दाखवलेला माणूस शेवटी मेला किंवा रडला, म्हणून दीड तासाचा परिणाम पुसला जात नाही. काही वेळा त्या अश्रूंमुळे तो अधिकच हवाहवासा होतो. चित्रपटगृहात शिट्ट्या कुठे पडल्या आणि नंतर चित्रपटातील कोणते तुकडे मोबाइलवर फिरत राहिले, याचीही दखल घ्यावी. थप्पड आणि तिचा परिणाम अशी दोन दृश्ये असतील आणि लोकांकडे फक्त पहिलेच फिरत असेल, तर दोष पूर्णपणे चित्रपटाचा म्हणता येणार नाही, पण पहिले दृश्य दुसऱ्यापेक्षा अधिक देखणे का केले, हा प्रश्न दिग्दर्शकाला विचारता येतो.

इतरांशी बोलताना

ज्याला तो चित्रपट प्रिय आहे, त्याच्याशी बोलताना निकालापासून सुरुवात करू नये. हा चित्रपट स्त्रीद्वेष्टा आहे, असे पहिलेच वाक्य ऐकले की समोरचा माणूस चित्रपटाची नव्हे तर स्वतःची बाजू लढवू लागतो, आणि ते स्वाभाविक आहे. त्याऐवजी एकच दृश्य निवडून, पुन्हा एकत्र पाहून, साधा प्रश्न विचारावा: इथे तिला काय वाटत असेल? तिने आता काय केले तर तो थांबेल? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अनेकदा मिळत नाही, आणि ते न मिळणे पुष्कळ काही सांगून जाते. किशोरवयीन मुलांना हाच प्रसंग तिच्या रोजनिशीच्या रूपात लिहायला सांगावा. ज्या पाठलागाची चित्रपटभर गाणी झाली, तो तिच्या लेखणीतून उतरताना त्यात रस्ता बदलल्याच्या, भावाला न्यायला बोलावल्याच्या, शिकवणी बुडवल्याच्या नोंदी आपोआप येऊ लागतात. मुलांकडून हे लिहून घेताना त्यांचा आवडता नायक त्यांच्याकडून हिसकावून घेत आहोत, असे त्यांना वाटू देऊ नये. आवड आणि आक्षेप एकाच मनात राहू शकतात.

लेखी परीक्षण करायचे असेल, तर प्रत्येक आक्षेपामागे दृश्य, वेळ आणि चित्रपटाने केलेली निवड असावी. नायक विषारी आहे, या वाक्याने वाचकाला काहीच कळत नाही. नायिकेने तिसऱ्यांदा नकार दिल्यावर चित्रपट थेट नायकाच्या स्वप्नातील गाण्यात जातो, तिथे तिने होकार दिलेला असतो आणि गाणे संपल्यावर कथा तो नकार विसरून गेलेली असते, या वाक्यावर मात्र वाद घालता येतो, ते तपासता येते आणि खोडूनही काढता येते. जिथे चित्रपट खरोखर दुहेरी बोलतो, जिथे एकाच दृश्यात तिचे भयही दिसते आणि त्याचा मोहही सुटत नाही, तिथे कोणतीही एक बाजू ओढूनताणून निवडू नये. दोन्ही अर्थ त्यांच्या पुराव्यांसह शेजारी शेजारी लिहावेत आणि आपल्याला कोणता अधिक पटतो व का, हे सांगावे.